एकाच घरचं रक्त

वहिनीचे वडील गेले तेव्हा आमच्या माहेरी, मुरबाडकडे, भाताची मळणी चालू होती. वहिनीचं माहेर आटगावपासून थोडं आत आहे. मी शहापूरला राहते, त्यामुळे निरोप आल्यावर तासाभरात तिथे पोचले. माझा मोठा भाऊ म्हणजे त्या घरचा जावई, आणि वहिनी त्या घरची एकटीच लेक, पाठीवर एक भाऊ. दोघं यायचे होते.

दुपार झाली तरी ते आले नाहीत. वहिनीचा फोन दादाच उचलत होता आणि दर वेळी "निघालोय" म्हणत होता. शेवटी तिचा भाऊ माझ्याकडे आला. "ताई, तुमी लावून बघा. तुमच्याशी बोलंल तो."

मी लावला. दादा शांत आवाजात म्हणाला, "मुरबाड सोडलं गो. येतोच. तिला जरा धीर देतोय." मागे मळणीच्या मशीनचा आवाज येत होता. रस्त्याकडेच्या शेतातला असेल असं मला वाटलं. मी अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, येतायत, थोडं थांबा.

लोक थांबले. ऊन कललं. जाणत्यांनी सांगितलं की आता ठेवता येत नाही. मुलीने बापाचं तोंड न बघताच त्यांना नेलं.

वहिनीला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. दादाने चहा पिता पिता सांगितलं, "तुझा बाप काल गेला. जाळलापण." आदल्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत खळ्यावर पेंढा ओढत होती. कुणाच्या तरी थट्टेवर हसली होती. ते हसणं तिला पुढे कित्येक दिवस सहन होत नव्हतं. बापाला दिलेल्या दुःखासारखं ते तिच्या अंगावर येई. ती मुलीला कडेवर घेऊन माहेरी निघून आली ती आलीच.

पुढे बैठक बसली, तिच्या माहेरच्या ओटीवर. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला, सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडला, सासूच्या तर पायांवर डोकं ठेवून रडला. ते रडणं मी ओळखत होते. त्यात डोळे ओले व्हायचे आणि बाकी चेहरा कोरडा राहायचा. वहिनीच्या चुलत्याने विचारलं, "का केलंस रे असं?"

"मशीन भाड्याचं, माणसं जमलेली. ती गेली असती तर काम पडलं असतं," दादा म्हणाला. मग जरा थांबून, अगदी मनापासून विचारल्यासारखं म्हणाला, "आनि गेलेला मानूस काय तिला बघून उठनार होता?"

त्याला खरंच कळत नव्हतं की आपण काय बोललो. वहिनीच्या आईने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाय, तुमच्या घरात समदी अशीच हायेत का गो?"

माझी मान खाली गेली. माझे यजमान शेजारी बसले होते, त्यांच्यासमोर कुणीतरी माझं लुगडं फेडल्यासारखं वाटलं. मी काही केलं नव्हतं. पण माझं नाक दादासारखं आहे, हसताना गालाला पडते ती खळीही त्याचीच. त्या दिवशी तो चेहरा घेऊन मला त्या ओटीवर बसवत नव्हतं.

त्या बाईंचा प्रश्न मी लहानपणापासून स्वतःला विचारत आले आहे. आमचा बा गावात फार आवडता माणूस. लग्नाकार्यात त्याच्यावाचून पान हलायचं नाही. घरात मात्र त्याला माणसांशी खेळायला आवडे. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत एकदा त्याने दादाचा हात मुद्दाम सोडला आणि मला घेऊन घोंगड्यांच्या दुकानामागे दडला. दादा सहा-सात वर्षांचा. तो बैलांच्या गर्दीत "बा, बा" करत धावत होता, आणि बा माझ्या तोंडावर हात ठेवून हसत होता. नंतर पुढे जाऊन म्हणाला, "रडलास? मग तुला खाऊ नाय." पुढच्या जत्रेलाही तेच केलं. त्याच्या पुढच्या वर्षी दादा रडला नाही. जिथे होता तिथेच उभा राहून थंड नजरेने लोक बघत राहिला. बाने त्याला खांद्यावर घेऊन सगळी जत्रा फिरवली.

दादाने कोंबडीच्या पिल्लाचे पाय मोडले तेव्हा आयने त्याला फोकाने फोडून काढलं आणि बाने चावडीवर कौतुकाने सांगितलं, "पोराचं काळीज वाघाचं हाय." आयच्या मारातून तो लपवायला शिकला. बाकीचं बाने शिकवलं.

पण बाला कुणी शिकवलं होतं? त्याचे आई-वडील साधे होते. आणि आमचा धाकटा भाऊ? तो जन्मला तेव्हा आय आजारी पडली, म्हणून मावशी त्याला शहापूरला घेऊन गेली. तिला मूलबाळ नव्हतं, तो तिथेच वाढला. तोही कशाला भीत नसे, लागलं तरी रडत नसे, खोटं बोलताना डोळ्याची पापणी हलत नसे. आज तो अँब्युलन्स चालवतो. कसारा घाटातल्या अपघातात चेपलेल्या गाडीतून माणूस काढायचा असला की लोक त्यालाच बोलवतात, कारण त्याचे हात थरथरत नाहीत.

बैठकीला तोही आला होता, परतताना मी त्याच्याच गाडीत बसले होते. मी विचारलं, "तुला काय वाटलं रे, दादा ते बोलला तेव्हा?"

"खरं सांगू? मला त्याचं म्हननं कळलं," तो म्हणाला. "तुमा सगळ्यांना आतून जसं होतं, तसं मला होत नाय. मी शिकलोय."

"कसं शिकलास?"

"मावशीनं शिकवलं. लहान असताना मी मांजराचं पिल्लू हौदात टाकलं. पवतं का बघायला. ती मारायला नाय धावली. मला हौदात उतरवलं, पिल्लू काढायला लावलं, ते सुकेपर्यंत मांडीवर धरून बसवलं. म्हनाली, बघ कसं कापतंय. मला काय वाटलं नाय. पन मावशी रडत होती, आनि मला मावशी पायजे होती. म्हनून परत केलं नाय." त्याने गियर बदलला. "दादाला कोन पायजे होतं?"

रुग्णांना सोडायला तो ज्या दवाखान्यात जातो तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना आम्ही पुढे एकदा भेटलो. मी लाजत लाजत विचारलं, हे रक्तात असतं का? ते म्हणाले, काही मुलं जन्मापासून निडर असतात, दुसऱ्याचं दुःख त्यांना चटकन शिवत नाही. तेवढं रक्तातून येऊ शकतं. अशा मुलाला मारून धाक बसत नाही, ते आणखी निबर होतं. माया आणि शिस्त एकाच माणसाकडून मिळाली तर पुष्कळदा ते सावरतं. पण खात्री कुणाचीच देता येत नाही.

दादा मुरबाडकडे मजेत आहे. मळणी वेळेत झाली, आता दुसरं लग्न बघतोय असं ऐकते. वहिनी परत गेली नाही आणि जा म्हणायचं तोंड मला नाही.

मी मात्र तिच्याकडे जात असते. गेल्या खेपेला गेले तेव्हा तिची मुलगी, पाच वर्षांची माझी भाची, अंगणात होती. शेजारच्या पोरीला तिने ढकललं होतं. त्या पोरीचा गुडघा फुटला होता, ती किंचाळत होती, आणि आमची वाकून वाकून रक्त कसं येतं ते बघत होती. गालाला खळी पडली होती. वहिनीच्या आईने धावत येऊन तिच्या पाठीत धपाटा घातला. दुसरा घालणार तोच मी हात धरला. "मारू नका हो, त्यानं होत नाय काय."

"तुमी सांगनार?" म्हातारी म्हणाली. "तुमच्याच घरचं हाय ना ते?"

मी हात सोडला. तोंडाशी आलेलं सगळं, मावशी, डॉक्टर, गिळलं. वहिनी दारात उभी राहून बघत होती. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं.

थोड्या वेळाने भाची जवळ आली. माझ्या गालावर बोट फिरवून तिने ओलं बोट पाहिलं. "आत्या, तुला कुठं लागलं?"

"लागलं नाय. लाज वाटते."

"लाज म्हंजे काय?"

मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगू लागले, की आपल्यामुळे कुणाला तरी दुखतं तेव्हा आपल्यालाही पोटात दुखतं. तिने पोटावर हात ठेवला. जरा विचार केला. "मला नाय दुखत," ती खरं तेच म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. "पण ती पोरगी अजून रडतेय. चल, आपण दोघी तिचा गुडघा धुऊ."

ती उठली. पाण्याचा तांब्या तिनेच उचलला, थोडं पाणी सांडत.