पेशंटला हलवू नका

खालापूरहून सकाळी सहाच्या एसटीनं निघालो तेव्हा मनात राग नव्हता, हे आधी सांगतो. काळजी होती. ती मला नेहमीच असते. रविवारची सुट्टी सुपरवायझरला दोनदा सांगून ठेवली होती, तरी चौकापर्यंत जाईतो तीन वेळा फोन काढून बघितला.

आपल्या लातूरकडच्या मंडळींना खालापूर म्हणजे टोलनाका, एवढंच ठाऊक. मुंबईला जाताना खिडकीतून दिसतो तो. त्याच्या अलीकडे एका गोदामात मी माल उतरवतो. दिवसभर एकच ओरड असते, ‘हालचाल दिसली पाहिजे!’ माल नसला तरी हालचाल दिसली पाहिजे. मग आम्ही खोकी इकडची तिकडे ठेवतो आणि संध्याकाळी तिकडची इकडे.

गोदामाच्या आधी मी कशेळ्याच्या पुढे एका फार्महाऊसवर गवत कापायला होतो. तिथं तापानं पडलो. मालकानं पिशवी गेटबाहेर ठेवली, निघ म्हणून समजायला माणसाला तेवढं पुरे. तिथं स्वयंपाकाला येणाऱ्या ठमामावशींनी मला हाताला धरून डोंगरावर त्यांच्या वाडीत (छोट्या वस्तीत) नेलं आणि बारा दिवस पेज पाजली. मी ना त्यांच्या जातीचा, ना नात्याचा. त्याच मावशी ओहोळावर (ओढ्यावर) घसरून पडल्या, चार दिवस झाले उठत नाहीत, असा त्यांच्या मुलाचा, काळूचा, शनिवारी फोन आला. जाऊन बघून यावं, एवढंच मनात धरून निघालो होतो.

कर्जतला उतरून वडापाव खाल्ला, मावशींसाठी केळी आणि बिस्किटं घेतली. कशेळ्याची जीप उभी होती. मला धरून नऊ माणसं झाली होती, ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत होता.

“मामा, कधी सुटनार?” मागून एका बाईनं विचारलं.

“दहा झाले की.”

“दहा वाजता?”

“दहा मानसं झाली की.”

“मग धा वाजलेत म्हना नि चला. मानसं वाटेत मोजू.”

सगळे हसले, ड्रायव्हरही हसला, पण जीप हलली नाही. दहावा आला तेव्हा ‘सरका रं, सरका’ झालं. मी खिडकीत दाबला गेलो. कडावच्या शेतांत भात पिकून आडवं झालं होतं आणि कापणीला वाकलेल्या माणसांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या.

कापणी बघितली की मला आमचा ऊस आठवतो आणि शाळा आठवते. सातवीत असताना दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलो. परत आलो तर हजेरीपटावर माझ्या नावापुढे लाल शाईनं एकच शब्द होता, ‘स्थलांतरित’. मास्तरांनी तो शब्द मला वाचून दाखवला आणि म्हणाले, आता पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तोडीला होतो. तेव्हापासून असले मोठे शब्द कुठं लिहिलेले दिसले की मी थांबून, अक्षर लावून, शेवटपर्यंत वाचतो. त्यात आपलं काहीतरी गेलेलं असतं.

जीप बदलून डांबर संपतं तिथं उतरलो. तिथं एक पाटी आहे. ‘वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम प्रगतिपथावर आहे.’ पाटीखाली खडीचा ढीग. ढिगावर टाकळा उगवून, वाढून, वाळूनही गेला होता. चार वर्षांपूर्वी मावशींनी मला वर नेलं तेव्हा हाच ढीग होता. तेव्हा त्याच्यावर बसून मी ओकलो होतो.

तिथून वाडी पावणेदोन तास. चढ उभा, मधे ओहोळ, पुढे कारवीची झुडपं. मोकळ्या हातानं जाणाऱ्याला वाट छान आहे, असं लिहायला हरकत नाही. वारा आहे, खाली भाताचे पिवळे तुकडे दिसतात. मी येताना तसं म्हटलंही होतं, स्वतःशीच.

मावशी घरात जमिनीवर पडल्या होत्या. उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला, डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. मला बघून म्हणाल्या, “आलास व्हय? दमला असशील. सुगंधा, पावन्याला भाकर दे गं.”

“मावशी, आधी तुमचं बघू.”

“माझं काय बघायचंय? मी हितंच हाय. पळून जात नाय.”

सुगंधा त्यांची सून. तिनं तांदळाची भाकर आणि चिंबोऱ्यांचा (खेकड्यांचा) रस्सा वाढला. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या मी जेवतो की नाही, म्हणून जेवलो.

“चार दिवस काय करत होता रे?” बाहेर आल्यावर मी काळूवर ओरडलो.

“खांदे मिळंनात,” काळू म्हणाला. “सगळी मानसं खाली कापनीला. काल राती परत आली. दोघांनी नेता येती का?”

फोन लागतो तो वाडीमागच्या कातळावर. तिथून काळूनं कर्जतच्या दवाखान्यात लावला आणि मला बोलायला दिला. मी पाय सांगितला. डॉक्टर चांगलं बोलले. म्हणाले, “खुब्याचं हाड असणार. आहे त्या जागेवरून पेशंटला अजिबात हलवू नका. गाडी पाठवतो.” थोड्या वेळानं गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. “वर गाडी येत नाय. पाटीपाशी घेऊन या. मी चारपर्यंत थांबतो.”

“आता कुणाचं ऐकायचं?” मी काळूला विचारलं.

“दोघं बी खरं बोलतात,” तो म्हणाला. “चालायचं आपल्याला हाय.”

तिथं राग आला. तो अजून उतरलेला नाही. हलवू नका म्हणणारा खाली, घेऊन या म्हणणारा खाली, आणि काम प्रगतिपथावर आहे असं पाटीवर लिहिणारा तर त्याहून कितीतरी खाली.

वाडीतले वयानं सगळ्यात मोठे चांगोआबा आले. त्यांनी मावशींचा पाय बघितला, झोळी नको म्हणाले, झोळीत अंग वाकतं. मग त्यांनी घराची ताटीच (बांबूचं विणलेलं दार) काढली. गोधडी घातली, दोन्ही पाय एकत्र बांधले, मावशींना तिच्यावर घेतलं आणि चारी कोपऱ्यांना दोर लावून ताटी एका जाड बांबूला टांगली. मावशी ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “घराला दार नाय ऱ्हायलं. कुत्रं शिरंल.”

“तुझ्या घरात कुत्र्याला काय घावनार गं?” आबा म्हणाले. त्या वेदनेतही मावशी हसल्या.

आबा सोडून आम्ही सहाजण होतो. चौघं बांबूला, दोघं बदलीला. आबा पुढे बिनओझ्याचे, वाट सांगायला. मी हट्टानं पहिल्यापासून खांदा दिला. गोदामात रोज ओझी उचलतो, त्याची मला घमेंड होती. पुढे काळू होता. त्याचा उजवा पाय पडला की माझा उजवा, डावा की डावा, असा मी ताल धरला. पन्नास पावलांत ताटी वरखाली हिंदकळायला लागली आणि मावशींच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला.

“थांब!” आबा मागे वळले. “लेझीम खेळतो काय रं? पाय मोडून चाल.”

मला कळेना. काळूनं सांगितलं, पुढच्याचा उजवा पडला की मागच्याचा डावा पडला पाहिजे. पाय जुळले की ओझं उसळतं. वाडीत सगळ्यांना लहानपणापासून येतं. मी पुन्हा सुरू केलं, पण पाय आपोआप जुळायचे. शाळेत आम्हाला चालण्यातलं एवढंच शिकवलं होतं, कवायतीत पाय जुळवायचं. प्रत्येक चुकीला मावशींचा हुंकार ऐकू यायचा. शेवटी मी काळूच्या टाचेकडे बघणं सोडलं आणि आबांच्या हाकांकडे कान दिला. आबांचे शब्द मोजके. “दगड.” “वल.” वल म्हणजे ओल. “फांदी.” “खांदा.” खांदा म्हटलं की ओझं खाली न ठेवता माणूस बदलायचा. अडीच तासांत वाट सांगताना त्यांनी याहून मोठा शब्द वापरला नाही.

ओहोळ उतरून आलो आणि खालून हॉर्न वाजला. लांब, दोनदा. चारला बराच अवकाश होता.

“पळ,” आबा मला म्हणाले. “गाडी धर. तुला न्यायला येत नाय, पळायला तरी येतं का बघू.”

लागलं मला ते, पण खरं होतं. मी उड्या टाकत निघालो. गुडघा फोडला. ड्रायव्हर गाडी वळवत होता, मी आडवा उभा राहिलो.

“बाजूला हो. मला कॉल हाय, कडावला बाळंतपन हाय.”

“चार म्हणाला होता.”

“व्हतो. मग काय करू? गाडी एक हाय. माझं काय चुकतंय ते तू सांग.”

शिव्या तयार होत्या, पण त्या माणसाला देण्यासारख्या नव्हत्या. मी नुसता वर हात केला. झाडीतून ताटी बाहेर पडली होती. खाली चार माणसांचे आठ पाय, एकाशी एक न जुळणारे, आणि वर ती ताटी पाण्यावर ठेवल्यासारखी स्थिर. ड्रायव्हरनं बघितलं, गाडी बंद केली आणि स्ट्रेचर काढलं. “कडाव वाटेतच हाय,” तो म्हणाला. “दोघींना घेतो.”

कडावला ती बाळंतपणाची पोरगी कळा देत चढली आणि मावशींच्या शेजारच्या बाकावर बसली. मावशींनी तिचा हात धरला. “दाब गं,” म्हणाल्या. “माझं आदीच मोडलंय, आनखी काय मोडनार.”

कर्जतला पोरीला आत घेतलं. मावशींच्या हाडाचा फोटो काढला आणि सांगितलं, हे इथं होणार नाही, पुढं हलवा. ज्या दवाखान्यानं हलवू नका सांगितलं होतं, त्यानंच सांगितलं. पुढं पाठवायच्या कागदावर एक रकाना होता, पेशंट कसा आणला. खिडकीतल्या माणसानं विचारलंसुद्धा नाही, ‘वाहनाने’ लिहिलं.

“साहेब, खोटं आहे ते,” मी म्हणालो. कागद घेऊन बसलेल्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा असं बोललो. “अडीच तास खांद्यावर आणलंय.”

“अरे, पण गाडीतूनच उतरवलं ना? तसा रकाना नाही.”

“मग बाजूला लिहितो.”

त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, पेन दिलं. मी रकान्याबाहेर लिहिलं, ‘वाडीपासून पाटीपर्यंत खांद्यावर. रस्ता नाही.’ अक्षर वाकडं आलं. पण वाचता येतं.

काळू मावशींबरोबर पुढे गेला. जाताना त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, दुखतंय म्हणतील. म्हणाल्या, “बाबा, न्यायला सगळी आली. आता मला वर कोन घेऊन जानार?”

ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. पुढच्या रविवारी सुगंधाला निरोप द्यायला मी पुन्हा त्या वाटेनं गेलो. पाटी तशीच होती, ढीग तसाच होता. त्या दिवशी घाईत पाटीला टेकवून ठेवलेली ताटीही तशीच होती, गोधडीनं बांधलेली. मी ती डोक्यावर घेऊन निघणार तेवढ्यात चांगोआबा खालच्या गावातून परत येताना दिसले.

“ऱ्हाऊ दे रं ती,” ते म्हणाले. “ठमी परत आली की वर न्यायला हितूनच लागंल.”

“आणि घराला?”

“घराला कशाला दार? घराचं मानूस खाली हाय.”

ताटी खाली ठेवली. मग आबा पुढे आणि मी मागे, दोघं मोकळ्या हातानं वाडीकडे चढलो. त्यांचा उजवा पाय पडला की मी डावा टाकत होतो. आबा एकदाही मागे वळले नाहीत.