सुईने टोचलेली सभा

पुण्याच्या संपादकबाईंनी माझी तीनही चित्रं परत पाठवली. सोबत एकच ओळ: "छान आहेत, पण कुणीही काढली असती." मुलांच्या गोष्टींचं पुस्तक, माझं पहिलं मोठं काम. सोमवारपर्यंत नवा नमुना दिला नाही तर ते दुसऱ्याकडे जाणार. चित्रशैलीवर मी कपाटभर वाचलंय, तासभर भाषणही ठोकू शकते. कागदावर मात्र काही उतरेना. शनिवारी पहाटे नांदेडहून हैदराबादची गाडी पकडली. घरात बसले असते तर डोकं फुटलं असतं.

गाडीला पाच-सहा तास लागतात, डबा सोबत घ्या. सिकंदराबादला आत्याकडे उतरले. ती रेल्वेतून निवृत्त झालीय, सगळी नोकरी इथंच झाली.

"जयभीम आत्या. पिशवी ठेवते आणि निघते, चित्रं काढायचीत."

"आत्ता तर आलीस! कायकू एवढी घाई? भाकरी खा आधी."

भाकरीसोबत गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी होती, आंबट आणि झणझणीत. उभ्याउभ्याच खाल्ली.

दुपारभर जुन्या शहरात भटकले. मेट्रोने जा, पुढे रिक्षा केलीत तर भाडं आधी ठरवा. कमानी, जाळ्या, कबुतरं, अत्तराच्या बाटल्या, वही भरली. संध्याकाळी पानं उलटली आणि संताप आला. ही तर भेटकार्डांवरची चित्रं! दुसऱ्याच्या शहराची कमान उचलायची, आपल्या चित्रावर डकवायची आणि वर तिला माझी शैली म्हणायचं? कितीही सुबक केली तरी ही उचलेगिरीच.

रविवारी आत्याला साडीवर जरीकाम करून घ्यायचं होतं. मीही मागे गेले. तिथल्या गल्लीत एक म्हातारे चाचा खाके बनवतात. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची, वरून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड फिरवायची. नक्षी ठिपक्यांनी कापडावर उतरते, मग कारागीर त्यावर जर भरतात.

"कारागिरांना कळतं का, खाका तुमचा आहे ते?" मी विचारलं.

"हौ. बोलते, चाचा, तुम्हारी बेल का पत्ता हमेशा पेट से मोटा. मैं बोलता, मेरे पे गया."

माझी वही त्यांनी दोन मिनिटांत चाळली. "ये सब यहाँ का है, बेटा. तुम्हारे पास का क्या है? बिना देखे बनाओ."

मी चिडूनच पेन्सिल उचलली. शाळेत असल्यापासून मी जयंतीच्या सभांत बोलतेय. हाताने तेच काढलं: सतरंजीवर बसलेली माणसं, वर केलेल्या माना, कुणाच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि बहुतेकांचे डोळे थेट माझ्याकडे. इतकी वर्षं मी फोटो बघून माणसं बाजूने काढत होते. मंचावरून दिसणारी माणसं, जी मला पाठ आहेत, ती एकदाही काढली नव्हती!

चाचांनी कागद घेतला आणि रेषांवर भोकं पाडू लागले. एका मानेपाशी सुई थांबली. "ये लकीर दो बार गई. डरे क्या?"

झोंबलं. ती मान पुसून पुन्हा काढली, एकाच रेषेत.

कापडाच्या तुकड्यावर ठिपके उमटले. आत्या वाकली आणि फसकन हसली.

"अगं, हा मागे घोरणारा तर माझा नवरा! जन्मात एक भाषण पुरतं ऐकलं नाही त्यानं."

त्या आकृतीला नाक-डोळे नव्हते. नुसती कललेली मान होती.

दुपारच्या गाडीने परतले. सोमवारी ती सभा पुण्याला पाठवली. उत्तर लगेच आलं: "वेगळं आहे. पण सगळे रोखून बघतात, मुलं बिचकतील. नजरा खाली करता येतील?"

एक 'हो' लिहिलं की पुस्तक माझं होतं. खोलीत फेऱ्या मारल्या, मग लिहिलं: "नाही. मुलांकडे कुणीतरी नीट बघायला हवं."

दोन दिवस झाले, उत्तर नाही. दर दहा मिनिटांनी फोन बघते. हैदराबादला जरूर जा, पण शैली आणायला म्हणून जाऊ नका. माझ्यापुढे दुसऱ्या चित्राचा कागद आहे. गर्दीतून एक बाई उठून मला प्रश्न विचारतेय, आणि तिचा उंचावलेला हात मला अजून जमत नाहीये.