बाबांनी वाट लावलेलं गाणं

बाबा गेले तेव्हा कळमनुरीच्या आमच्या चर्चमध्ये हार्मोनियम वाजवणारा माणूस नेमका आजारी होता. म्हणून सेनगावहून एक पेटीवाला बोलावला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कपाळाला बुक्का, गालात सुपारी आणि तोरा असा, की मयत आमच्या घरी नसून त्याचाच कार्यक्रम आहे. एरवी तो भजनात वाजवायचा.

अंत्यविधीला कोणतं गीत घ्यायचं यावरून घरात जुंपली होती. चुलत्यांना गंभीर हवं होतं, आत्याला रडवणारं. पेटीवाल्यानं भाता हलवून पाहिला आणि विचारलं, "मेलेला माणूस गात व्हता का?"

"दर रविवारी," आई म्हणाली. "सगळ्यात मोठ्यानं, पण बेसूर."

"सगळ्यात जास्त वाट कोणत्या गाण्याची लावली?"

आईनं लगेच गाण्याचं नाव सांगितलं. "त्यातल्या प्रत्येक कडव्याची दुसरी ओळ पेटीची वाट न बघता आधीच उचलायचे."

"मंग तेच घ्या. आज ते गप हायेत, एकदाचं सुरात होईल."

चुलत्यांचं तोंड लाल झालं. आई मात्र पदराआड हसली.

चर्चमध्ये पहिली ओळ नीट गेली. दुसरी ओळ मात्र पेटीच्या आधी अख्ख्या मंडळीनं उचलली, पाळकसाहेबांनीसुद्धा. पेटीवाल्यानं डोळे वटारून माझ्याकडं पाहिलं.

"एकट्या माणसानं सारं चर्च बिघडवून ठेवलं व्हय!"

दुसरं कडवं आलं, तेव्हा त्यानंही पेटीवर दुसरी ओळ बाबांसारखीच आधी उचलली.