चंपत मुकादमाचा खोकला

मंगरूळपीरला पेन्शनरांची एक लाइन होती, दहा-बारा घरांची. तिथल्या माणसांकडे वेळ भरपूर, दागिने थोडे, म्हणून चोराची भीती फार. आणि त्या सगळ्या भीतीवर इलाज एकच, चंपत मुकादमाचा खोकला.

चंपतनं उभा जन्म सडकेच्या कामावर काढला. गिट्टीची धूळ अन् डांबराचा धूर खाऊन रिटायर झाला, तेव्हा पेन्शन तुटपुंजी मिळाली, खोकला मात्र भरघोस मिळाला. रात्रभर खोकायचा बिचारा. चौऱ्याहत्तर साली आजूबाजूला घरफोड्या झाल्या, पण या लाइनीत कोणाची वाटीही हलली नाही. शेजारच्या उत्तमरावांनी, म्हणजे रिटायर तलाठ्यांनी, लगेच शोध लावला, "चंपतभाऊ जागे राह्यते म्हणून चोर भेते." झालं! ज्याच्या त्याच्या पाटल्या, एकदाण्या डब्यांत बंद होऊन चंपतच्या पलंगाखाली येऊन बसल्या.

चंपतलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला? मुकादमकीत साहेबाच्या शिव्याच खाल्ल्या होत्या, इथं मान मिळत होता. पण झोप कुठली? बरगड्या ठणकायच्या, जेवण जाईना. एक रात्र सलग झोपावं, एवढीच त्या माणसाची हौस उरली होती. शेवटी त्याची बायको भागिरथा त्याला एसटीत घालून कारंज्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली अन् लाल औषधाची मोठी बाटली घेऊन आली.

औषधानं गुण दिला की हो! चंपत मेल्यासारखा झोपला. सकाळी ताज्या तोंडानं बाहेर येऊन पाहतो, तर सगळी लाइन सुतक लागल्यासारखी बसलेली.

"काहो भाऊ, रात्री खोकले नाई?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाई. मस्त झोपलो."

"तुमी झोपले अन् आमी जागलो. थोडंसं तरी खोकत जा ना. आमी काय जास्त मागून राह्यलो?"

मग लाड सुरू झाले. एका घरून आंबट ताक आलं, दुसऱ्या घरून चिंचेचं सार. उत्तमरावांच्या जिजाबाईंनी तर चंपतच्या खिडकीखालीच मिरच्यांची धुरी दिली, म्हणे दृष्ट काढून राह्यली. चंपतनं दाद दिली नाही. औषध घ्यायचा अन् झोपायचा.

एका दुपारी नवराबायको बाजारातून परतले, तर दाराचं कुलूप तुटलेलं. भागिरथा आधी पलंगाखाली वाकली. डबे सगळे जागच्या जागी होते. फडताळात पाहिलं, तर औषधाची बाटली गायब.

लाइन गोळा झाली. काय गेलं, काय गेलं?

"औषधाची बाटली," चंपत म्हणाला.

"हात्तीच्या, मंग काईच नाई गेलं," उत्तमराव म्हणाले, अन् साऱ्यांच्या जिवात जीव आला.

चंपतला ते फार लागलं. शिवी ओठांवर आली होती, पण गिळली.

"एवढं सोनं सोडून चोरानं माहं औषधच काहून नेलं, उत्तमराव?"

कोणी खाली पाहिलं, कोणी आभाळाकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं भरदुपारी साऱ्या लाइनीत चांदणं पडलं होतं. भागिरथानं एकेक डबा आणून ओट्यावर मांडला.

"न्या बाप्पा आपापलं. आमच्या घरचा मानूस आता झोपनार हाय."

लोकांनी विनवण्या केल्या, ती काही ऐकेना. उत्तमरावांनी डबा उचलला अन् तिथंच, चंपतच्या देखत, झाकण उघडून आत पाहिलं.

"सगळं हाय ना?" चंपतनं विचारलं.

"हाय, हाय."

"मंग आता माही बाटली आना."

उत्तमराव डब्याचं झाकण लावत बसले. जिजाबाई मात्र उठून मुकाट्यानं घरात गेल्या, पदराखाली बाटली घेऊन आल्या अन् चंपतच्या हातात ठेवत काकुळतीनं म्हणाल्या,

"भाऊ, निदान अर्धाच चमचा घेत जा."