काठाबाहेरची ओल

पाणी खात्याच्या चित्रकक्षात ती अकरा वर्षं नोकरीला होती, पण तिला सलग अकरा मिनिटं खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. उपग्रहाची चित्रं संगणकावर उतरत असताना ती खोलीभर फिरायची. खिडकी उघडायची, लावायची, भिंतीवरचा तक्ता सरळ करायची आणि परत येऊन पडद्यावरचा आकडा दोननेच पुढे सरकलेला पाहून पुन्हा उठायची. घरीही तेच. बाहेर पडताना गॅसचा कॉक तीनदा बघणार, कुलूप दोनदा ओढणार आणि बसथांब्यावरून नवऱ्याला फोन करणार, "मी कुलूप लावलं होतं ना रे?" नवरा तेव्हा दहा किलोमीटर लांब आपल्या कामावर असायचा. "लावलं असणारच," तो शांतपणे म्हणायचा, "तू नाही लावलंस तर या घराला दुसरं कोण लावणार?"

तिच्याकडे अडतीस तलाव होते. दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, उपग्रह त्यांच्यावरून जायचा. त्याच्या चित्रांवरून कुठल्या तलावात पाणी किती पसरलंय ते तिने मोजायचं आणि वर कळवायचं. कुठल्या गावाला किती पाणी सोडायचं हे त्यावर ठरायचं. चित्र म्हणजे नुसते ठिपके, आणि एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जमीन. आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही उपग्रह टिपतो. त्यात पाणी काळंभोर दिसतं, ओली माती काळपट आणि कोरडी माती फिकट. एवढं कळलं की या कामातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं म्हणजे ढग आणि खात्याचा संगणक. ढगांपुढे कुणाचं काही चालत नाही. संगणकावर मात्र तिने उपाय शोधला.

तो संगणक इतका म्हातारा होता की अख्खं चित्र उघडायचं म्हटलं की चाळीस मिनिटं नुसता घरघरायचा. अडतीस तलावांच्या अहवालात दोन दिवस जायचे, आणि ते दोन दिवस तिच्यासारख्या बाईने कसे काढले असतील हे तिचं तिलाच ठाऊक. मग दोन वर्षांपूर्वी तिने प्रत्येक तलावाच्या काठाकाठाने एक रेघ आखली. चित्र आलं रे आलं की त्या रेघेवर कापायचं आणि बाहेरचं सगळं बाजूला टाकायचं, असा हुकूमच संगणकाला देऊन टाकला. मोजायचंय पाणी, तर डोंगर, शेतं, रस्ते आणि लोकांची घरं कशाला ओढत बसायची? दोन दिवसांचं काम दोन तासांवर आलं. वरून कौतुकाचं पत्र आलं, आणि खोलीतल्या लोकांनी तिचं नाव "कात्री" ठेवलं. न कापलेली मूळ चित्रं नियमाप्रमाणे कपाटातल्या डिस्कवर साठत राहिली. ती उघडून बघायचं कुणाचंही अडलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला खात्याने आणखी एक शहाणपणा केला. तलावांच्या बांधावरून रोज चक्कर मारणारे चौकीदार एकेक करून निवृत्त होत होते. त्यांच्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलं, कारण आता वरून बघायला उपग्रह होता.

एका मंगळवारी दुपारी धाकट्या नणंदेचा फोन आला. तिला घरात सगळे छोटी म्हणत, जरी तिलाच आता शाळेत जाणारी दोन मुलं होती. छोटीचं घर तेवीस नंबरच्या तलावाखाली, बांधापासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि वर्षापूर्वी तिने तिथेच रोपांची नर्सरी काढली होती.

"वहिनी, माझा हात लागला की काहीही उगवतं बघ," छोटी म्हणाली. "पंप जळून महिना झाला. मागच्या वाफ्यांना पाण्याचा थेंब दिला नाही. तरी रोपं नुसती तरारलीत. परवा तर माझी चप्पलच रुतली."

"पाऊस झाला का तिकडे?"

"कुठला पाऊस, दीड महिना कोरडा गेलाय. म्हटलं ना, हाताचा गुण."

फोन ठेवला आणि कात्रीच्या डोक्यात भुंगा शिरला. चप्पल रुतली, म्हणे. तिने तेवीस नंबरचा ताजा अहवाल काढला. तलाव काठोकाठ भरलेला, आकडे जिथल्या तिथे. अहवालात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तरी तिचा पाय एका जागी ठरेना. शेवटी तिने कपाट उघडलं, डिस्क काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा एक अख्खं चित्र उघडायला लावलं.

चाळीस मिनिटांनी पडदा भरला. काळाभोर तलाव, त्याच्या खालच्या अंगाला बांधाची फिकट पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे, जिथे सगळं कोरडं ठणठणीत असायला हवं होतं, तिथे बांधाच्या पायथ्यापासून घरांकडे पसरलेला एक काळपट डाग होता. तिने ठिपके मोजले. सव्वीस भरले. पुन्हा मोजले.

बांधांचे इंजिनिअर पुढच्या वर्षी निवृत्त होणारे गृहस्थ होते आणि कुठल्याही गोष्टीने सहसा दचकत नसत.

"बाई, मातीचा बांध आहे, पाझरायचाच," ते फोनवर म्हणाले. "आणि तिथे खाली कुणाची तरी नर्सरी आहे. पाणी घालत असतील."

"नर्सरी माझ्या नणंदेची आहे, साहेब. तिचा पंप महिनाभर बंद आहे."

"म्हणजे तुमच्या नणंदबाईंच्या सांगण्यावरून मी तलाव रिकामा करू? चार गावं त्याचं पाणी पितात." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला कागद द्या. ओल कधीची आहे, किती होती, किती झाली. नर्सरीच्या आधीपासून असेल तर ती नर्सरीची नाही. जुनी असून तेवढीच राहिली असेल तर राहू द्या. पण वाढत असेल तर मी एक दिवस थांबणार नाही. फक्त कागदाशिवाय मला तलावाचा दरवाजा उघडता येत नाही."

तिने छोटीला फोन करून सांगितलं की मुलांना घे आणि आजच्या आज आमच्याकडे राहायला ये.

"का गं?" छोटीने विचारलं.

"बांधातून पाणी येतंय असं वाटतंय."

"वाटतंय?" छोटी हसायला लागली. "वहिनी, तुला तर रोज गॅस चालू राहिलाय असंही वाटतं. मुलांच्या परीक्षा आहेत. पुढच्या रविवारी येतो, जेवायला."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू आधी जरा बस बघू." तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त स्वतःचाच. आयुष्यभर नसत्या गोष्टींचा घोर लावून घेतला होता, आणि आज खरा घोर होता तर तिच्या तोंडून तो घरात कुणालाच खरा वाटत नव्हता.

आता मूळ चित्रांशिवाय गत्यंतर नव्हतं. दोन वर्षांतली चित्रं एकशे सेहेचाळीस. ढगाळ वगळून ब्याण्णव उरली. तिने तेवीस नंबरभोवतीची रेघ अर्धा किलोमीटर बाहेर सरकवली आणि संगणकाला कामाला लावून घरी आली. जेवणात लक्ष नव्हतं. भाजीत मीठ पडलं नव्हतं ते कुणी बोललं नाही. सकाळी ती झाडूवाल्याच्याही आधी ऑफिसच्या दारात उभी होती.

दुपारपर्यंत तक्ता तयार झाला. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्याच चित्रात ओल होती. चार ठिपके, आणि तिच्या रेघेपासून बाहेर किती लांब, तर तीन ठिपके. तेव्हा नर्सरीचा पत्ताच नव्हता. पुढे पावणेदोन वर्षांहून जास्त काळ ते चार ठिपके जागचे हलले नव्हते. सात आठवड्यांपूर्वी त्यांचे पाच झाले, मग नऊ, मग चौदा. मध्ये ढग, आणि आता सव्वीस. ती तक्त्याकडे बघत राहिली. हे सगळं दर पाच दिवसांनी तिच्याच टेबलावर येत होतं आणि तिने स्वतः आखलेल्या रेघेवर कापलं जाऊन कपाटात पडत होतं.

खात्याच्या छापील कागदावर दोन रकाने असतात: पहिल्या चित्राची तारीख आणि कळवल्याची तारीख. शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा बसायचा. त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दोन वर्षांचं अंतर? वेडी आहेस का? उद्या चौकशी लागली तर तुलाच धरतील. सात आठवड्यांचं तेवढं लिही. बाकीचं साहेबांना फोनवर सांग."

"सात आठवड्यांचं लिहिलं तर नर्सरीचं पाणी म्हणतील."

"म्हणू देत. ते जाऊन बघतीलच की स्वतः."

"केव्हा?"

नकाशेवाला आपल्या टेबलाकडे वळला. ती बाटलीभर पाणी प्यायली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. नोकरीची भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी भीती अशी होती की हे वाचल्यावर अकरा वर्षांचं तिचं काम लोक एका कात्रीत संपवतील. तिने पेन उचललं, दोन्ही तारखा खऱ्या लिहिल्या आणि खाली शेऱ्यात लिहिलं: "चित्रे तलावाच्या काठावर कापण्याची पद्धत मी लावली. त्यामुळे बांधाखालची ओल दोन वर्षे पाहिली गेली नाही." कागद पाठवून झाल्यावर तिने तो पोचला का हे इंजिनिअरच्या कचेरीत चारदा विचारलं, आणि चौथ्यांदा तिथल्या कारकुनाने फोन आपटला.

इंजिनिअर त्याच संध्याकाळी गाडी काढून गेले. त्यांनी पायथ्याशी झिरपणारं पाणी काचेच्या बाटलीत धरलं. पाझराचं पाणी स्वच्छ असेल तर बांध नुसता घामेजतोय म्हणायचं. गढूळ असेल तर पाणी आतली माती खात बाहेर येतंय. बाटलीत पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली आणि तलावाचा खालचा दरवाजा उघडायला लावला. बांधाखालची घरं रिकामी केली. छोटी मुलांना आणि परीक्षेच्या पुस्तकांना घेऊन सासरच्या एका नातेवाइकाकडे गेली.

तलाव रिकामा व्हायला अकरा दिवस लागले. बांध फुटला नाही. आणि जे फुटलं नाही ते फुटणार होतं हे लोकांना पटवायचं कसं? चार गावांत टँकरच्या रांगा लागल्या, आणि रांगेत उभे राहून लोकांनी खात्याचा यथेच्छ उद्धार केला. पाच पाच दिवसांनी तिच्या पडद्यावर तेवीस नंबरचा काळा आकार आक्रसत गेला. आपण उगाच तर चार गावांचं पाणी ओतून दिलं नाही ना, या विचाराने तिला घास गिळवेना. मग बांध खणला, आणि आत माणूस वाकून उभा राहील एवढी पोकळी सापडली. इंजिनिअरनी फोनवर सांगितलं, "आणखी पंधरा दिवस टिकला असता, फार तर." चौकशी लागायची ती लागलीच, पण ती वेगळी कथा आहे, आणि कंटाळवाणी.

छोटीचा मात्र फोन आला नाही. ती आली ती थेट तीन आठवड्यांनी, सोमवारी, ऑफिसात. कात्री तक्ता सरळ करत उभी होती. छोटी न विचारता खुर्चीत बसली.

"मी त्या पोकळीत गेले होते," ती म्हणाली. "साहेबांनी दाखवली. ती आत जाऊन पुढे आमच्या घराच्या दिशेलाच वळलीय." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "हा गावाच्या फळ्यावर लावला होता. पहिल्या चित्राची तारीख दोन वर्षांपूर्वीची."

"हो."

"तुझ्याकडे होतं ते चित्र?"

"कपाटात होतं. मी बघितलं नव्हतं. काठाबाहेरचं मी सगळं कापून टाकत होते."

"म्हणजे आमचं घरही."

"तुमचं घरही."

छोटी रडली नाही, तेच जास्त लागलं. ती म्हणाली, "पोरं शाळेत सांगायची, आमच्या तलावाची भीती नाही, आमची मामी वरून बघते. मी पण तेच समजून झोपायचे."

कात्री "चुकलं माझं" म्हणाली, पण ते इतक्या हळू की तिला स्वतःलाच ऐकू गेलं नसेल. मग तिने अख्खं चित्र उघडायला लावलं. चाळीस मिनिटं दोघी शेजारी शेजारी बसल्या. ती एकदाही उठली नाही. चित्र भरल्यावर तिने बोट ठेवून छोटीचं घर दाखवलं: चार ठिपके, अंगण धरून.

छोटीने वाकून पाहिलं. "आता हे नेहमी बघणार?"

"दर पाच दिवसांनी. ढग नसले तर."

"आणि ढग असले तर? मधले चार दिवस?"

"तेव्हा मला काही दिसत नाही, छोटी. खरंच नाही दिसत."

छोटीने त्या चार ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग तिने फळ्यावरून आणलेला तो कागद उलटा केला, कोरी बाजू वर करून वहिनीपुढे सरकवला आणि पेन दिलं.

"मग ते दिवस मी बघेन," ती म्हणाली. "काय बघायचं ते लिहून दे."