एक पोतं कमी

माझे सासरे वेंकोबाराव नको तितके सभ्य आहेत. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. ओरगडमच्या कारखान्यात गाड्यांच्या स्प्रिंगा तपासून निवृत्त झाले आणि आता अड्यारला घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांची उंची आणि तोल बसवून देतात. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा मला वाटायचं, गाडी सपाट जमिनीवर सरळ दिसली की झालं. तसं नसतं. चालवणारा आत बसला की त्याची बाजू दबते. म्हणून मामंजी चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाची तांदळाची पोती ठेवतात, चारही चाकांखाली वजनकाटे सरकवतात आणि दबणाऱ्या स्प्रिंगला चकत्या लावून दोन्ही बाजू सारख्या करतात. पुरुषांना ते वजन सरळ विचारतात. बाईमाणसाला मात्र विचारायचं नाही! तिथे अंदाज.

मैलापूरच्या राजसबाई अक्का म्हणजे निवृत्त शिक्षिका, एकट्या, अंगाने चांगल्या भरलेल्या. वडिलांची हेराल्ड गाडी त्यांनी जिवापाड जपली आहे. रविवारी सकाळी ती चालवत समुद्रापर्यंत जायचं, एवढी एकच चैन. यंदा जुन्या गाड्यांच्या फेरीत भाग घ्यायचा म्हणून त्यांनी ती मामंजींकडे आणली. काम झालं आणि फेरीच्या दिवशी आम्ही दोघं मैलापूरला बघायला गेलो.

देवळाजवळच्या गतिरोधकावर हेराल्ड चढली, उतरली, आणि खर्रकन आवाज आला. अक्कांच्या बाजूचं पुढचं टायर मडगार्डला घासलं होतं. गाडी त्या बाजूला उघड उघड झुकली होती. मामंजींच्या शेजारी उभा असलेला एक गाडीवाला मोठ्याने म्हणाला, "आंटी, गाडीचं काय चुकलं? तुम्हीच थोडं कमी जेवा!" सगळे हसले. अक्काही हसल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या. मामंजी रुमालाने चष्मा पुसत राहिले.

घरी येताना रिक्षात मी छेडलंच. "मामंजी, तुमचं काम आणि असं कसं झालं?"

 मामंजी म्हणाले, "पोतीं बरोबर ठेवलीं होतीं गं. इतक्यांत अक्का शेडच्या दाराशीं आल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या वजनाचा ढीग कसा ठेवायचा? मी एक पोतें उतरवलें. मग तेवढ्याच वजनावर काम पुरें केलें."

मला हसू आलं आणि संतापही आला. सभ्यपणा दाखवायचा स्वतःचा आणि हसं व्हायचं दुसऱ्याचं! "मग तिथे बोलला का नाहीत?" असं मी विचारलं. ते रस्त्याकडे बघू लागले. त्यांना लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांची लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी अक्का समुद्रावर गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. शेवटी मीच मामंजींना ओढत मैलापूरला नेलं. अंगणात हेराल्डवर कापड घातलेलं होतं. अक्का दारात आल्या, चेहरा ओढलेला.

"गाडी घेऊन जातों, अक्का," मामंजी म्हणाले. "पुन्हा बसवून देतों."

"अय्यो, नको रे. तूं चांगलेंच काम केलें आहेस. मी रात्रीचें जेवण सोडलें आहे. आणखी थोडें वजन उतरलें कीं गाडी आपोआप सरळ होईल बघ. तुझें नांव कशाला खराब?"

मामंजी पायरीवर बसले. "चूक तुमची नाहीं, अक्का, माझी आहे. तुम्हांस वाईट वाटेल म्हणून मी एक पोतें कमी ठेवलें."

 अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग लोक हंसत होते तेव्हां कां नाहीं सांगितलेंस?"

मामंजी खिशातला रुमाल चाचपू लागले. 

"सरि, बरें," अक्का म्हणाल्या. "आतां विचार मला. वजन किती म्हणून विचार. त्या दिवशीं तो माणूस बोलला तेवढ्या मोठ्यानें."

समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती. मामंजी उठले, हात जोडले, आणि तितक्याच मोठ्याने त्यांनी विचारलं. अक्कांनी वजन सांगितलं, शेजारणीलाही ऐकू जाईल इतकं स्पष्ट. मान ताठ होती त्यांची. मामंजींना मात्र वर बघता येत नव्हतं.