बुटांचे तळ वाचणारे डॉक्टर

"आधी चप्पल. पाय नंतर."

आमचे डॉक्टर प्रत्येक नव्या पेशंटला हेच म्हणायचे. चप्पल उलटी करून खिडकीपाशी न्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि तळ असा वाचत बसायचे, जणू घरून पत्र आलंय. पेशंट बिचारा तोवर अनवाणी बसलेला.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती टाचेमुळे. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं, की टाचेत कळ यायची. आता डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर आपण काय करतो? मी तेच केलं. कपाटातली नवी कोरी सँडल काढून घालून गेले. त्यांनी ती उलटी केली आणि परत माझ्यापुढे ठेवली. "हिला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. जुनी घेऊन या."

दुसऱ्या खेपेला बाजारात जायची झिजकी चप्पल पिशवीत घालून नेली. लिफ्टमध्ये कुणाला दिसू नये म्हणून वर कोथिंबिरीची जुडी. ती बघून त्यांनी विचारलं, "आणि घरात काय घालता?"

"काही नाही. घरात देव आहेत."

त्यांनी थोडा विचार केला. "मऊ स्लिपर चालेल का, विचारून बघा त्यांना."

विचारलं. देवांची काही हरकत नव्हती. दोन महिन्यांत टाच बरी झाली.

त्याच सुमारास त्यांच्या काउंटरवरची मुलगी नोकरी सोडून गेली. "आंटी, तुम्ही फार बोलता," डॉक्टर म्हणाले. "माझे पेशंट घाबरलेले असतात. त्यांच्याशी बोलायला या." माझ्याहून पाच वर्षांनी मोठा माणूस मला आंटी म्हणत होता, पण या देशात सगळेच सगळ्यांना आंटी-अंकल म्हणतात. तर अशी मी पाया लेबार भागातल्या त्या दवाखान्यात चिकटले ती नऊ वर्षं. पायाचा डॉक्टर पाया लेबारला, म्हणून आमच्या मराठी मंडळातल्या बायका हसायच्या. मी डॉक्टरांना समजावून सांगितलं, तर ते अजिबात हसले नाहीत. जन्म उबीन बेटावरचा, चिनी माणूस, त्यांना काय कळणार.

मला मात्र त्यांच्या त्या तळ वाचण्याचं भारी कुतूहल. एक बाई सांगत होत्या, रोज तासभर चालते. डॉक्टरांनी बूट उलटा करून माझ्याकडे धरला. तळावर दुकानाचं लेबल शाबूत. एकाच्या बुटांची नुसती पुढची टोकं घासलेली. "हा गुडघ्यावर बसून काम करतो," डॉक्टर म्हणाले, आणि तो माणूस खरंच फरशा बसवणारा निघाला. मग मलाही नाद लागला. एमआरटीच्या गाडीत बसले, की मी लोकांची तोंडं बघायची सोडून त्यांचे बूट बघायची. लेक वैतागायची, इथल्या पद्धतीने शेवटी ‘ला’ लावून, "आई, डोन्ट स्टेअर ला."

दर वर्षी गणपतीला डॉक्टर आमच्याकडे जेवायला यायचे. त्या वर्षीही आले, बूट दाराबाहेर काढले आणि आत जाऊन आमच्या यांच्याशी गप्पा मारत बसले. मी कॉरिडॉरमधल्या चपला सारख्या करायला बाहेर गेले. तिथे पंचवीसेक जोड. हात सवयीने गेला. डॉक्टरांचा डावा बूट उलटा केला, तर टाचेची बाहेरची कड पार खाल्लेली. आत बोटं घातली, तर त्याच बाजूला चामड्याचा तुकडा चिकटवून उंची दिलेली. म्हणजे आपला घोटा बिघडलाय, हे त्यांना माहीत होतं. आणि ते लपवत होते.

आत येऊन मी त्यांना मोदक वाढला, वर तूप घातलं. पण माझे डोळे त्यांच्या डाव्या पायाकडेच जात होते. कारण सांगते. तुआसच्या शिपयार्डमधला एक वेल्डर शिडीवरून पडला होता. टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. त्याचं एकच म्हणणं, "शिडी चढता यायला हवी, सर. नाहीतर मला मायदेशी परत पाठवतील." सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत ऑपरेशनसाठी थांबायचं होतं. त्या आता पडल्या होत्या. गुरुवारी ऑपरेशन होतं. तीन तास डॉक्टरांना त्याच पायावर उभं राहायचं होतं.

सोमवारी मी त्यांच्या खोलीत गेले. "डॉक्टर, डाव्या बुटाची बाहेरची कड गेलीय."

"कुणाच्या?" ते लिहितच होते.

"तुमच्या."

पेन थांबलं. "जेवायला बोलावता आणि बूट तपासता?"

"शिकवलं कुणी?"

"थोडासा दुखतो, ला. ऑपरेशन करताना विसरायला होतं."

"पेशंट असं म्हणाला, तर तुम्ही काय म्हणता?"

ते पुन्हा लिहायला लागले. पुढचे दोन दिवस बोललेही नाहीत. फाईल द्यायची, फाईल घ्यायची. मला वाटलं, गेली आपली नोकरी. आणि खरं सांगू, माझी चूक झाली का, हेही कळेना. चाळीस वर्षं लोकांचे घोटे जोडणाऱ्या माणसाला काउंटरवरच्या बाईने शिकवावं?

गुरुवारी दुपारी ते हॉस्पिटलमधून आले आणि माझ्यासमोरच्या पेशंटच्या खुर्चीत बसले. ऑपरेशन त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सर्जन बाईंनी केलं होतं. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून होते.

"कसं झालं?"

"छान." मग त्यांनी डाव्या बुटाची नाडी सैल केली. "माझ्याइतकं सफाईदार नाही. पण तीन तासांत तिला एकदाही स्वतःच्या पायाची आठवण झाली नाही."

त्यानंतर त्यांनी हातात सुरी धरली नाही. पेशंट तपासायचे तेवढे. वेल्डर वर्षभराने चालत आला. शिडी चढू लागला होता, फक्त सकाळी पाय आखडतो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला सर्जन बाईंचं नाव पुन्हा सांगितलं. "त्यांनी केलंय," म्हणाले, "मी नाही."

मग त्याच बाईंनी डॉक्टरांचा घोटा स्क्रू घालून कायमचा जखडला. दुखणं थांबलं आणि वाकणंही. पेशंट म्हणून फार वाईट, हं. प्लास्टरमध्ये दुसऱ्याच आठवड्यात घरात चालून बघितलं, आणि बाई रागावल्या तर तक्रार करायला फोन मला.

दवाखाना बंद करून ते पेनांगला मुलीकडे राहायला गेले. जायच्या आधी म्हणाले, "उबीन एकदा बघून येऊ." ते, त्यांची बायको, मी आणि हे, चौघं गेलो. परतताना धक्क्यावर बमबोट, म्हणजे माणसं ने-आण करणारी लाकडी होडी, लागली होती, पाणी चढलेलं, बोट वरखाली होत होती. धक्क्याच्या कडेला पोचल्यावर डॉक्टर थांबले. लहानपणी इथूनच ते धावत बोटीत उडी मारायचे, असं सकाळीच सांगत होते. न वाकणारा पाय त्यांनी पुढे केला, मागे घेतला.

बोटवाल्याने हात पुढे केला. "सावकाश, अंकल."

डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, नको म्हणतील. पण त्यांनी तो धरला, खाली उतरले, फळीवर बसले. बोट सुटायची वेळ झाली, तरी बोटवाल्याचा हात त्यांच्या हातातच होता. आणि तोही भला माणूस, घाई न करता वाकून उभा राहिला.